तासाला मागच्या बाकावर कुणीतरी बसायला हवं

शाळा सुरू होऊन दोन महिने झाले की शिक्षकांच्या पत्रांच्या या आपल्या सदराचा टपालाचा गठ्ठा एकदम जाड होतो, दरवर्षीचंच आहे. जूनमध्ये सगळे प्रवेशोत्सव, पुस्तकं, गणवेश यात असतात, आणि श्रावणात कधीतरी जरा श्वास घेतला की मनातलं लिहायला बसतात. या वेळची पत्रं वाचताना मला माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीतले कितीतरी चेहरे आठवले, अठ्ठावीस वर्षं वर्गात आणि शेवटची सहा केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची प्रमुख म्हणून. सगळी पत्रं घेता येत नाहीत, सहा घेतलीत. नावं छापत नाहीये, तुम्ही नाही म्हटलं नसतं तरी छापली नसती.

ताई, मी २४ वर्षांची आहे, लातूरकडची. शिक्षणसेविका म्हणून गेल्या वर्षी इकडे लागले. दोन शिक्षकी शाळा आहे, माझ्याकडे पहिली ते तिसरी एकाच खोलीत, २६ मुलं. दुसरे सर मुख्याध्यापकही तेच असल्यामुळे सारखे मीटिंगला नाहीतर माहिती भरायला. मी ओरडते, मुलं दोन मिनिटं गप्प बसतात, परत तेच. परवा एका मुलाला दंडाला धरून ओढून खाली बसवलं. तो रडला नाही, नुसता बघत राहिला. मी मात्र एसटीत पूर्ण रस्ताभर रडले. मी चुकीच्या नोकरीत आलेय का?
— एक शिक्षणसेविका, जव्हार तालुका

पोरी, आधी त्या मुलाचं बोलू, कारण तुलाही तेच सगळ्यात जास्त टोचतंय. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला मनाई आहे, आणि ती मनाई बरोबर आहे, त्यात आपण कुठलीही सवलत मागायची नाही. पण तू जे केलंस त्यावर इलाज आहे. उद्या शाळेत गेलीस की त्याच्याजवळ खाली बस आणि सांग, परवा बाईंनी तुला ओढलं ते चुकलं, मी परत असं करणार नाही. एवढंच. लाडीगोडी नको, चॉकलेट नको. सहा-सात वर्षांच्या मुलाला मोठं माणूस चूक कबूल करतं हे बघायला मिळणं फार मोठी गोष्ट असते, आणि तुझ्याही छातीवरचा दगड तिथेच उतरेल.

आता वर्ग. तू लातूरची, तुझी मराठी वेगळी, आणि तिथल्या पाड्यांवरच्या मुलांच्या घरात वारली, कोकणा, ठाकरी, कातकरी अशा बोली असतात. म्हणजे तू "वह्या काढा, पान क्रमांक बारा उघडा, चित्राचं निरीक्षण करा" असं एका दमात म्हणतेस तेव्हा पहिलीतल्या पोरांना त्यातलं किती पोचत असेल? मुलं दंगा करतात त्यातला निम्मा दंगा हा न कळल्याचा असतो गं. पुढचे पंधरा दिवस एक कर, रोज मुलांकडून त्यांच्या बोलीतले पाच शब्द शिक, फळ्याच्या एका कोपऱ्यात लिही, घरातल्या वस्तू, जनावरं, पाऊस, भूक, दुखणं. तू चुकीचं बोललीस की ती खळखळून हसतील, हसू दे. बाईंनापण शिकायला वेळ लागतो हे त्यांना दिसलं की त्यांची भीती जाते आणि तुझं ओरडणंही आपोआप कमी होतं.

दुसरं म्हणजे तीन इयत्ता एका खोलीत असताना तिघांना एकाच वेळी शिकवायचा प्रयत्न करू नकोस, कुणालाच जमत नाही, मला तर पहिली तीन वर्षं अजिबात जमलं नव्हतं. सकाळी वीस मिनिटं सगळे मिळून, गोष्ट किंवा गाणं किंवा कालच्या दिवसाच्या गप्पा. मग एक इयत्ता तुझ्यासमोर, बाकीच्या दोघी आपापल्या कामाला. आणि हे आपापलं काम असं हवं की मुलाला तुझ्याकडे विचारायला यावंच लागणार नाही. चिंचोके मोजून दहा-दहाचे ढीग, चित्र बघून जोडीदाराला गोष्ट सांगणं, माहीत असलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या लावणं. नवीन गोष्ट कधीही एकट्याने करायला द्यायची नाही, नवीन ते तुझ्यासमोर. हा एक नियम पाळलास तरी "बाई बाई बाई" निम्म्यावर येईल. गप्प करायचं असेल तर आवाज चढवण्याऐवजी टाळीचा ठेका धर, मुलांनी तोच ठेका परत वाजवायचा, आठवडाभर सराव केलास की जमतं.

आणि एक छोटीशी गोष्ट जी मला कुणी पहिल्या वर्षी सांगितली असती तर बरं झालं असतं. प्रश्न विचारला की थांब. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग तपासली तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदभर थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतः उत्तर सांगतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. तुझ्या मुलांना तर प्रश्न आधी आपल्या बोलीत फिरवायचा, मग उत्तर तुझ्या बोलीत आणायचं, त्यांना पाच सेकंद दे. मनात अंक मोज. सुरुवातीला ते पाच सेकंद फार लांब वाटतात.

शेवटी तुझ्याबद्दल. शिक्षणसेवकाची तीन वर्षं, १६,००० रुपये मानधन, त्यात खोलीभाडं, एसटी, घरी पाठवायचे, आणि आपलं माणूस पाचशे किलोमीटरवर. हे ओझं खरंय, तू नाजूक आहेस म्हणून रडत नाहीयेस. मुख्याध्यापक सरांना स्पष्ट सांग की सर, आठवड्यातून एक दिवस तरी तुम्ही शाळेत असाल त्या दिवशी पहिल्या तासाला माझ्या वर्गात मागे बसा, मला तुमची मदत हवीय. लाजू नकोस. चुकीच्या नोकरीत आलेलं माणूस त्या मुलाच्या बघण्याने एसटीत रडत नाही गं.

माझी १९ वर्षं सर्व्हिस झाली. इतकी प्रशिक्षणं झाली की मोजता येणार नाहीत. ऑनलाइन कोर्स आले की व्हिडिओ चालू करून पोळ्या लाटते, शेवटी प्रश्नमंजुषा सोडवते, सर्टिफिकेट ग्रुपवर टाकते. मला स्वतःलाच हे आवडत नाही पण दुसरं काय करणार? आता म्हणे वर्षाला ५० तास सक्तीचे. यातून कुणाचं भलं होतंय?
— एक पदवीधर शिक्षिका, सांगली जिल्हा

बाई, तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही खरं लिहिते. केंद्रप्रमुख असताना मी स्वतः अशा सर्टिफिकेटांच्या याद्या वर पाठवल्यात. शिक्षकांसाठीचं निष्ठा हे सरकारी प्रशिक्षण २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, मग कोविडमध्ये ते दीक्षा या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन आलं, त्यातले काही भाग खरोखर चांगले आहेत, पण वर्गातली अडचण एक आणि व्हिडिओ दुसऱ्याचाच असं झालं की कितीही चांगला असला तरी माणूस पोळ्याच लाटणार.

पण ५० तासांबद्दल एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगितलीच जात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकास असं लिहिलंय, त्याच वाक्यात पुढे असंही आहे की तो शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीतून, गरजेतून व्हावा. म्हणजे काय शिकायचं हे मागायचा हक्क तुमचा आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे मांडा, धोरणाचं पान उघडून मांडा. आम्हाला या वर्षी अपूर्णांक हवेत, आम्हाला इंग्रजी बोलायचा सराव हवा, जे असेल ते.

आता माझा अनुभव सांगते. शेवटच्या सहा वर्षांत माझ्या केंद्रात ज्या एका गोष्टीने फरक पडताना मी डोळ्यांनी बघितला ती म्हणजे एका शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात मागे बसणं. जपानमध्ये ही पद्धत फार जुनी आहे, चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे बसून बघतात, आणि बघायचं कुणाला तर मुलांना, शिकवणाऱ्याला बघायचं नाही. सगळी गंमत तिथेच आहे. आपल्याकडे वर्गात कुणी आलं की ती तपासणी होते, लॉगबुकात शेरा होतो, त्यामुळे आपण मुलांना आधीच सांगून ठेवतो की साहेब आले की हात वर करा.

एक तास सांगते, मला कायमचा लक्षात राहिलाय. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी, ५२ वजा २७. बाई फळ्यावर फार सुरेख समजावत होत्या, दशकाचा गठ्ठा सोडा, रबर काढा, दहा सुट्ट्या काड्या. मी मागे एका मुलीशेजारी जमिनीवर बसले होते. तिने वहीत ३५ लिहिलं. बाजूच्याने बघून तेच लिहिलं. मी हळूच विचारलं, कसं केलंस? ती म्हणाली, "दोनातनं सात जात नाहीत ना, मग सातातनं दोन घालवले, राहिले पाच. आणि पाचातनं दोन, तीन." तिच्या दृष्टीने तिने अडचण सोडवली होती! आणि तिच्यासमोर काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या जशाच्या तशा पडल्या होत्या, रबरसुद्धा काढलं नव्हतं, कारण काड्या आणि वहीतलं गणित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तिला वाटत होतं. फळ्याजवळून हे दिसणं शक्यच नाही हो. दुपारी आम्ही तिघी बसलो, त्या बाईंना मी एवढंच सांगितलं की ही मुलगी असं म्हणाली. त्या पाच मिनिटं गप्प, मग म्हणाल्या, "म्हणजे मी दोन वर्षं ३५ ला नुसती फुली मारतेय." दुसऱ्या दिवशी त्यांनी वह्या बाजूला ठेवल्या आणि आधी सत्तावीस काड्या हातात काढून द्यायला लावल्या, लिहिणं शेवटी. नंतरच्या महिन्यात त्याच बाई माझ्या मागे लागल्या की परत कधी येताय.

कुमठे बीटचं तुम्हाला आठवत असेल, सातारा जिल्ह्यातला शाळांचा गट, तुमच्या शेजारचाच, मुलं स्वतः करून शिकतात म्हणून गाजलेला. दहा-बारा वर्षांपूर्वी सगळ्या राज्यातले शिक्षक गाड्या करून ते वर्ग बघायला जायचे. मीही गेले होते. येताना बऱ्याच जणांनी रंगवलेल्या फरशीचे फोटो आणले आणि आपापल्या शाळेत फरश्या रंगवून घेतल्या. मी मात्र तिथे बघत होते की शिक्षक मुलांच्या बरोबरीने खाली बसलाय, मुलं एकमेकांना विचारतायत, आणि शिक्षकाला मध्ये तोंड घालायची घाई नाहीये. फोटोत हे येत नाही. शेजारी बसूनच कळतं.

तर बाई, तुमच्या शाळेतली किंवा जवळच्या शाळेतली एक मैत्रीण निवडा, एकच. महिन्यातून एक तास तुम्ही तिच्याकडे, एक तास ती तुमच्याकडे. तीन मुलं आधीच ठरवा, त्यांच्याकडेच बघायचं. नंतर बोलताना "तू असं करायला हवं होतंस" हे वाक्य बंद, "त्या मुलाने असं केलं" एवढंच. लेखी काही ठेवू नका, वर कुणाला पाठवू नका, तो विश्वास एकदा तुटला की मग परत जुळत नाही. वर्षाचे वीस तास असेच होतील आणि एकही पोळी करपणार नाही.

आवाज बसलाय, तीन आठवडे झाले. गरम पाणी, मीठ, ज्येष्ठमध सगळं झालं. ६४ मुलांचा वर्ग आहे, शेजारी रस्ता. सुट्टी घेतली तर पोर्शन राहतो.
— एक माध्यमिक शिक्षक, पिंपरी-चिंचवड

सर, तीन आठवडे म्हणजे आता घरगुती उपाय पुरे, या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन या. ज्यांचं पोटच आवाजावर चालतं त्यांच्या स्वरतंतूंवर ताणाने गाठी येऊ शकतात, लवकर कळलं तर बऱ्याचदा विश्रांती आणि आवाजाच्या व्यायामावर भागतं, उशीर केला की लांबतं. तोवर घसा सारखा खाकरू नका आणि कुजबुजूही नका, कुजबुजण्यानेही ताणच पडतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बाटली टेबलावर ठेवा आणि दर तासाला दोन-चार घोट. फळा कोरड्या डस्टरने न पुसता ओल्या फडक्याने पुसा. आणि रस्त्याकडच्या खिडकीशी उभं राहून शिकवत असाल तर जागा बदला, बाकांच्या मधे जाऊन बोला, निम्मा आवाज पुरतो. सहकाऱ्यांनी मिळून वर्गणी काढून एक कमरेला लावायचा छोटा माईक घेतला तर शाळेत तीन-चार जणांना आलटून पालटून वापरता येतो, फार महाग येत नाही. पोर्शनचं काय, तो मार्चपर्यंत आहे सर, आवाज जन्मभर लागणार आहे. सुट्टी घ्या.

आमची सरकारी मराठी प्राथमिक शाळा, मी एकटीच शिक्षिका, ११ मुलं, चार इयत्ता. तुम्ही मागच्या अंकात सहकाऱ्याशी बोला असं लिहिलं होतं. माझ्याकडे सहकारीच नाही, दिवसभर मोठ्या माणसाशी एक शब्द होत नाही. मी कुणाशी बोलू?
— एक शिक्षिका, सत्तरी, गोवा

बाई, मागच्या अंकात हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, नाही आलं. गोव्यात अशा एकशिक्षकी शाळा गावोगाव आहेत, पटसंख्या घटत गेली तशा वाढल्या, आणि आपल्याकडे कोकणात, मेळघाटात, गडचिरोलीतही एकटं माणूस शाळा ओढतंय.

तुमच्यासारख्या दुसऱ्या दोघी जवळपास नक्की असतील. तिघी मिळून आठवड्यातला एक दिवस ठरवा, शाळा सुटल्यावर अर्धा तास फोनवर, आणि विषय एकच, या आठवड्यात कुठलं मूल कुठे अडलं. घरच्या गप्पा नंतर मारा हव्या तेवढ्या. वर्गात कुणी मागे बसणारं नाही तर फोन बाकावर पुस्तकाला टेकवून ठेवा आणि दहा मिनिटांचं नुसतं आवाजाचं रेकॉर्डिंग करा, रात्री एकटीने ऐका, मग पुसून टाका. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सगळे प्रश्न खिडकीकडच्या चार मुलांनाच विचारते. मला कुणी हे सांगूच शकलं नसतं.

आणि गावातलं एखादं मोठं माणूस आठवड्यातून एकदा शाळेत बोलवा, भात लावणारी आजी, भजनीमंडळातले कुणी, गावठी भाज्या ओळखणारं कुणी. मुलांना परिसर अभ्यास होतो हे तर आहेच, पण मी तुमच्यासाठीही सांगतेय. तासभर वर्गात दुसरं मोठं माणूस असणं यानेही दिवस हलका जातो.

मी ४७ वर्षांची, २००३ ला डीएड करून लागले, तिसरीला शिकवते. सर्वोच्च न्यायालयाच्या टीईटीबद्दलच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलच्या, निकालापासून झोप उडालीय. दोन वर्षांत पास व्हायचं नाहीतर नोकरी जाणार म्हणतात. मुलगा बारावीला. इतकी वर्षं शिकवून आता परीक्षा? अपमान वाटतो.
— एक शिक्षिका, बीड जिल्हा

अपमान वाटतो हे मला मनापासून कळतं, आणि तुमच्या संघटना जे मागणं मागतायत ते त्यांनी मागत राहावं, त्याला माझा पाठिंबा आहे. पण मागणी एका बाजूला चालू राहील, तुम्ही स्वतःपुरता अभ्यास सुरू करा, दोन्ही एकत्र होऊ शकतं. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात असं आहे की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांपैकी ज्यांची निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक आहेत त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, ज्यांची पाचपेक्षा कमी राहिलीत ते तसेच निवृत्त होऊ शकतात पण त्यांना बढती हवी असेल तर टीईटी लागेल. तुमची ५८ ला अकरा वर्षं शिल्लक, म्हणजे तुम्ही त्यात येता. व्हॉट्सॲपवर रोज नवीन काहीतरी फिरतंय, त्यावर रात्र जागवू नका, जे काही असेल ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडून लेखी मागा.

आता परीक्षा. पेपर एक, दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण, आरक्षित गटाला ५५ टक्के. खुल्या गटातही साठ उत्तरं चुकली तरी माणूस पास होतं हो! पाच भाग आहेत प्रत्येकी तीस गुणांचे, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास आणि बालमानसशास्त्र. यातले मराठी, गणित आणि परिसर अभ्यास हे तुम्ही रोज जगताय, फक्त चौथी-पाचवीच्या पुढचं जरा उजळायला लागेल, आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं काढून वाचा. बालमानसशास्त्राला घाबरू नका, नावं पाठ करावी लागतात तेवढीच, बाकी प्रश्न असे असतात की वर्गात एक मूल असं वागलं तर शिक्षकाने काय करावं, आणि तुम्ही तर बावीस-तेवीस वर्षं तेच करताय. उरलं इंग्रजी, तिथे जोर लावा.

एकटीने करू नका मात्र. केंद्रात तुमच्यासारख्या आठ-दहा जणी असतीलच, शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन तास एका शाळेत बसा, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. आणि घरात मुलाला सांगा, बारावीचा अभ्यास तो करतोय, टीईटीचा तुम्ही करताय, एकाच टेबलावर बसा. माझ्या ओळखीतल्या एक बाई असंच करतायत, त्यांचा मुलगा त्यांना इंग्रजीचे टेन्स समजावतो आणि त्या बदल्यात तो स्वतः मोबाइल बाहेर ठेवतो.

जाता जाता, याच जिल्ह्यातून दुसऱ्या एका सरांनी मतदारयादीच्या कामाबद्दल विचारलंय, शिक्षणाशिवायची कामं किती करायची. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम फक्त तीन गोष्टींना परवानगी देतं, दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. बाकी कुठल्या कामासाठी वर्ग सोडायला सांगितलं तर आदेश लेखी मागा, नम्रपणे पण लेखीच. आणि मतदारयादीचं काम निवडणुकीत मोडतं हे खरं असलं तरी सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलंय की शिक्षकांना हे काम सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं. हे कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या सहीने पाठवा, एकट्याने भांडू नका.

मी मुख्याध्यापक आहे. आमच्या शाळेतल्या एक बाई, फार उत्साही होत्या, गॅदरिंग म्हणजे त्याच. गेल्या तीन-चार महिन्यांपासून एकदम गप्प. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये येत नाहीत, वर्गातच बसतात. परवा रजेचा अर्ज आणून दिला आणि म्हणाल्या, सर, माझ्यानंतर या वर्गाचं बघा. मला ते वाक्य खटकलं. मी पुरुष, त्या बाई, कसं विचारू? उगाच घरच्या गोष्टीत नाक खुपसल्यासारखं नको.
— एक मुख्याध्यापक, अहिल्यानगर जिल्हा

सर, तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं. विचारा, आणि ते वाट बघण्यासारखं वाक्य नाही, उद्याच विचारा.

केबिनमध्ये बोलावून विचारू नका, केबिन म्हटलं की आपल्या लोकांना मेमो आठवतो. मधल्या सुट्टीत तुमचा डबा घेऊन त्यांच्या वर्गात जा, दार उघडं राहू दे, मुलं व्हरांड्यात असतीलच. बरोबर शाळेतल्या एखाद्या ज्येष्ठ बाईंना न्यायचं असेल तर न्या, पण त्या बाहेर बोलणाऱ्या नकोत. आणि सरळ म्हणा, "बाई, गेले काही महिने तुम्ही पूर्वीसारख्या दिसत नाही, मला काळजी वाटते. काय झालंय हे सांगायलाच पाहिजे असं नाही, पण मी ऐकायला आलोय." मग गप्प बसा. जेवत राहा. "सगळ्यांनाच टेन्शन असतं", "देवावर सोडा", "तुमचा मुलगा किती हुशार आहे बघा" यातलं काही म्हणू नका, ही वाक्यं चांगल्या मनाने म्हटली तरी समोरचं माणूस दार लावून घेतं.

त्या "माझ्यानंतर" या शब्दाबद्दलही विचारायचं. थेट. "बाई, जीव नकोसा वाटतो असं कधी मनात येतं का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येतो हा समज खरा नाही, उलट ज्याच्या मनात तो असतो त्याला कुणीतरी विचारल्याचा आधार वाटतो. उत्तर हो आलं तर त्या दिवशी त्यांना एकटं घरी पाठवू नका, घरातल्या त्यांना जवळच्या वाटणाऱ्या माणसाला बोलवा, तेही त्यांना विचारून, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे. टेली मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही आधी फोन करून विचारू शकता की मी एका सहकाऱ्याशी बोलणार आहे, कसं बोलू.

आणि उत्तर नाही आलं, नुसतं "थकलेय सर" एवढंच आलं, तरी तुमच्या हातात बरंच काही आहे. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत, पाठाची तयारीही त्यातच धरलीय, मग पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे फॉर्म, गॅदरिंग हे सगळं एकाच उत्साही माणसाच्या गळ्यात कधी पडत गेलं ते एकदा कागदावर मांडून बघा. आपल्या शाळांमध्ये जो करतो त्यालाच आणखी दिलं जातं, मीही केंद्रप्रमुख असताना ही चूक केलीय, एका गुणी शिक्षकाला मी तीन वर्षं सगळ्या समित्यांवर घेत राहिले आणि त्यांनी बदली मागितली तेव्हा मला कळलं. त्यांच्याकडची दोन कामं काढून तुम्ही स्वतः घ्या, त्यांना न विचारता दुसऱ्या कुणाला देऊ नका, नाहीतर त्यांना वाटेल आपली किंमत कमी झाली.

रजा मंजूर करा. रजेच्या काळात त्यांच्या वर्गातल्या मुलांनी काढलेली चित्रं किंवा चार ओळी एका पाकिटात घालून घरी पाठवा, शाळेच्या कामाचा एकही फोन करू नका. परत येतील त्या दिवशी सत्कार, भाषण वगैरे नको. मधल्या सुट्टीत डबा घेऊन पुन्हा त्यांच्या वर्गात जा, पुढच्या आठवड्यातही जा.